सर्फ, निर्मा आणि शिकागोचा कचरा

आमच्या धंद्यात प्रॉडक्टच्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाइड हमखास असते. डावीकडे फीचर्सची यादी, वरच्या ओळीत आपलं आणि तीन-चार प्रतिस्पर्ध्यांची नावं, आणि मधल्या चौकटींत खुणा. आपल्या रकान्यात वरपासून खालपर्यंत हिरवंगार, इतरांच्या रकान्यांत मधेमधे लाल फुल्या. अशा स्लाइड्स मी बनवल्या आहेत थोड्या आणि पाहिल्या आहेत पुष्कळ. आपल्याच रकान्यात लाल फुली मारलेली स्लाइड मात्र आजवर एकही पाहिलेली नाही.

या कामाला मॅनेजमेंटच्या पुस्तकांत 'कॉम्पिटिटिव्ह इंटेलिजन्स' असं भारदस्त नाव आहे. सोप्या मराठीत सांगायचं तर समोरचा काय करतोय ते ओळखून आपण काय करायचं ते ठरवणं. समोरच्या दुकानात साखर काय भावाने चाललीय ते बघून वाणी आपला भाव ठरवतो, तेही हेच.

कंपनीत याचं रीतसर खातं निघणं ही मात्र तशी अलीकडची गोष्ट. मायकेल पोर्टरचं 'कॉम्पिटिटिव्ह स्ट्रॅटेजी' १९८० साली आलं आणि प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास हा एमबीएच्या सिलॅबसचा भाग झाला. त्याच सुमारास मोटोरोलाचे प्रमुख रॉबर्ट गॅल्विन यांनी सीआयएमध्ये काम केलेल्या जॅन हेरिंग यांना बोलावून कंपनीत असा विभाग उभा केला. गॅल्विन स्वतः अमेरिकन राष्ट्राध्यक्षांना गुप्तवार्तांवर सल्ला देणाऱ्या मंडळावर होते, त्यामुळे त्यांना या कामाची किंमत माहीत होती. १९८६ मध्ये अमेरिकेत या लोकांची व्यावसायिक संघटनाही निघाली.

आता हेर म्हटलं की आपल्याला लगेच वेषांतर केलेला बहिर्जी नाईक आठवतो. पण मंडळी, यातली बहुतेक माहिती उघड्यावर पडलेली असते. दरपत्रकं, वार्षिक अहवाल, पेटंटचे अर्ज, नोकरीच्या जाहिराती (कोण कसली माणसं शोधतंय यावरून पुढचं प्रॉडक्ट बऱ्यापैकी ओळखता येतं), आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे दुकानदाराची बडबड. मग माहिती इतकी उघड असते तर मोठमोठ्या कंपन्या गाफील कशा राहतात? याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर आपल्या सगळ्यांच्या मोरीत होतं.

तीन रुपये किलो

सर्फ पावडर भारतात आली १९५९ साली. कंपनी हिंदुस्तान लिव्हर, मुख्यालय मुंबईत, मालक युनिलिव्हर. कपडे धुवायची पावडर म्हणजे सर्फ, असं समीकरणच होतं. म्हणजे ज्यांना परवडायची त्यांच्यासाठी. बाकीचा देश साबणाच्या वडीने कपडे घासत होता.

१९६९ साली अहमदाबादमध्ये करसनभाई पटेल नावाच्या एका सरकारी खात्यातल्या केमिस्टने नोकरी सांभाळून घरच्या घरी पावडर बनवायला सुरुवात केली. पिशव्या सायकलला लावायच्या आणि दारोदार विकायच्या. मुलीचं नाव निरुपमा, म्हणून पावडरचं नाव निर्मा. भाव साधारण तीन-साडेतीन रुपये किलो. सर्फ तेव्हा तेरा ते पंधरा रुपयांच्या घरात होती.

यात गुपित काहीही नव्हतं. पिशवी दुकानात टांगलेली होती, भाव सगळ्यांना ठाऊक होता, पुढे तर रेडिओ-टीव्हीवर पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी रोज गिरक्या घेत होती. हिंदुस्तान लिव्हरसारखी विक्रीची फौज असलेल्या कंपनीला हे दिसलं नसेल असं कोण म्हणेल? दिसलं होतंच. पण सी. के. प्रल्हाद आणि स्टुअर्ट हार्ट यांनी २००२ सालच्या आपल्या गाजलेल्या लेखात नोंदवलंय त्याप्रमाणे कंपनीची सुरुवातीची प्रतिक्रिया अशी होती की हा आपला बाजारच नव्हे, आपण काळजी करायचं कारण नाही.

आता गंमत बघा. त्या काळी कुणी आमच्यासारखी स्लाइड बनवली असती तर? शुभ्रता: सर्फ. सुगंध: सर्फ. हाताला सौम्य: सर्फ. पॅकिंग: सर्फ. रकाना पूर्ण हिरवा! आणि प्रत्येक खूण खरी. निर्मात सोडा ॲशचा भरणा मोठा, तिने हातांची आग व्हायची, वास यथातथाच. खोटं काही नाही, आणि तरी निष्कर्ष साफ चुकीचा.

कारण निर्माची तुलना सर्फशी करणारी बाई मुळात वेगळी होती. सुरुवातीला निर्मा घेणाऱ्या बहुतेकींनी सर्फ कधी घेतलीच नव्हती. त्यांच्यासाठी तुलना होती ती साबणाच्या वडीशी. बादलीत पावडर टाकून कपडे भिजवून ठेवायचे, म्हणजे दर शर्टामागचं घासणं कमी. ही चैन त्यांना पहिल्यांदाच परवडत होती. हा रकाना कंपनीच्या तक्त्यात नव्हताच. जी तुमची गिऱ्हाईक नाही तिला काय हवंय हे तुमच्या गिऱ्हाइकांना विचारून कळणार कसं?

१९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत निर्मा खपाच्या बाबतीत सर्फच्या पुढे निघून गेली होती. त्या दरम्यान लिव्हरने जाहिरातीतून ललिताजी आणली. निळ्या काठाची पांढरी साडी, करडा आवाज, आणि मुद्दा असा की स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यात फरक असतो. जाहिरात अफलातून होती, अजून लोकांना आठवते. पण ती सर्फ घेणारीला सर्फ सोडू नकोस म्हणून समजावत होती. सर्फ न परवडणारीला देण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं.

मग डोळे उघडले

खरा अभ्यास झाला तो यानंतर. त्या मोहिमेचं नाव होतं 'स्टिंग'. त्या इंग्रजी अक्षरांची फोड म्हणजे 'निर्माची वाढ रोखण्याची व्यूहरचना'. नावातच हार मान्य केलेली आहे, नाही का?

मला यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हा वाटतो की या वेळी त्यांनी पावडर सोडून धंदा उघडून बघितला. तीन रुपयांत हे परवडतं कसं? तर निर्माचं मिश्रण हाताने व्हायचं, यंत्रं नाहीत, वीज नाही, म्हणून लहान उद्योगाला मिळणारी अबकारी करातली सूट. महागडे घटक नाहीत. साधी प्लॅस्टिकची पिशवी. वरचा खर्च जवळजवळ शून्य. लिव्हरने सर्फचा भाव कितीही कापला असता तरी तिथे पोचणं शक्य नव्हतं, कारण फरक पाकिटात नव्हताच. तो कारखान्यात, पगारात, ट्रकमध्ये आणि ऑफिसच्या भाड्यात होता.

म्हणजे निर्माशी लढायचं तर थोडंफार निर्मा व्हावं लागणार होतं. १९८७-८८ च्या सुमारास 'व्हील' बाजारात आली ती अशी: उत्पादन एका मोठ्या कारखान्याऐवजी ठिकठिकाणी विखुरलेलं, वितरण वेगळं, नफ्याचं गणितही वेगळं (दर किलोमागे थोडा, पण किलो अफाट). फॉर्म्युला नदीवर आणि सार्वजनिक नळावर धुणाऱ्यांचा विचार करून ठरवलेला. व्हील चालली. इतकी, की गरीब गिऱ्हाइकासाठी वेगळा धंदा मांडायचा हा धडा युनिलिव्हरने पुढे ब्राझीलमध्येही वापरला.

सायकलपासून व्हीलपर्यंत हिशोब केला तर सुमारे अठरा वर्षं. माहिती गोळा करायला नाही लागली ती. माहिती पहिल्या काही वर्षांतच दुकानात टांगलेली होती. अठरा वर्षं लागली ती 'हा आपला बाजार नव्हे' हे वाक्य खोडायला.

शिकागोचा कचरा

आता याच युनिलिव्हरची दुसरी गोष्ट, पण या वेळी ती सावज आहे. २००१ साली प्रॉक्टर अँड गँबलला शॅम्पू-कंडिशनरच्या बाजारात युनिलिव्हर पुढे काय करणार हे हवं होतं. त्यासाठी बाहेरची माणसं नेमली गेली आणि त्यांनी युनिलिव्हरच्या शिकागोमधल्या ऑफिसबाहेरच्या कचऱ्यात हात घातला. अप्रकाशित कागदपत्रांची जवळपास ८० पानं मिळाली म्हणतात.

प्रकरण वरपर्यंत गेलं तेव्हा अध्यक्ष जॉन पेपर यांनी ते थांबवलं आणि स्वतःहून युनिलिव्हरला कळवलं. आम्ही कायदा मोडला नाही पण स्वतःचे नियम मोडले, अशी कंपनीची भूमिका होती. ऑगस्टमध्ये 'फॉर्च्युन' मासिकाने बातमी फोडली, सप्टेंबरमध्ये तडजोड झाली. सुमारे १ कोटी डॉलर मोजावे लागले असं तेव्हा छापून आलं, शिवाय त्या माहितीचा वापर होत नाही ना हे बघायला बाहेरचा ऑडिटर.

या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवतोय. एकीकडे कागद कचऱ्यातून काढले, प्रतिस्पर्ध्याच्या मनातलं वाचायला मिळालं, आणि त्याचा उपयोग करायची सोय उरली नाही. दुसरीकडे सगळं दुकानात टांगलेलं, फुकट, कायदेशीर, आणि त्याचा उपयोग करायची इच्छा नव्हती. चोरलेली माहिती मोलाची वाटते कारण ती चोरलेली असते. वाण्याने सांगितलेली माहिती आपण चहाबरोबर पिऊन टाकतो.

आणि असं समजू नका की एकदा धडा घेतला की तो कायमचा लक्षात राहतो. कानपूरच्या 'घडी' पावडरने स्वस्तातल्या त्याच बाजारात शांतपणे पाय रोवले, आणि २०१२ साली तिने व्हीलला मागे टाकल्याच्या बातम्या आल्या. निर्मा तर त्याआधीच मागे पडली होती. जो कधीकाळी सायकलवरून आला होता, त्यालाही पुढचा सायकलवाला अडवता आला नाही.

मग करायचं काय?

मला यातून तीन प्रश्न सापडले. पहिला, आपलं प्रॉडक्ट न घेणारे लोक सध्या काय वापरतात? (उत्तर बहुतेक वेळा एक्सेल असतं. आमच्या धंद्यातली साबणाची वडी!) दुसरा, समोरच्याला जे परवडतं ते आपल्याला का परवडत नाही? आणि तिसरा सगळ्यात अवघड: ही माहिती खरी निघाली तर आपण नेमका कोणता निर्णय बदलणार आहोत? याचं उत्तर 'कुठलाच नाही' असेल तर ती माहिती नुसती शोभेची.

या तिसऱ्या प्रश्नापाशी गाडी अडते, कारण तिथे माहितीचा विषय संपून माणसांचा सुरू होतो. आपली पावडर महाग आहे आणि समोरच्याची विकली जातेय, हे सर्वांत आधी कळतं ते गल्लीबोळातून फिरणाऱ्या सेल्समनला. आपल्याकडे ते सपोर्टचे फोन घेणाऱ्या पोराला कळतं. त्याचा पगार सगळ्यात कमी, आणि मीटिंगमध्ये त्याला खुर्चीही नसते. आपल्यापैकी बरेच जण आता त्या मीटिंगमध्ये खुर्चीवर बसायच्या वयाचे झालोत. तेव्हा महागडे रिपोर्ट मागवायच्या आधी त्या पोराला एकदा आत बोलवा. आणि तो बोलला की 'हा आपला सेगमेंट नाही' हे वाक्य निदान पाच मिनिटं तरी गिळून ठेवा.

असो. बराच वेळ घेतला तुमचा. घरात आत्ता कोणती पावडर आहे, आणि ती कुणी आणि का निवडली, ते जरा विचारून बघा. चांगला मार्केट रिसर्च तिथेच होईल.