ट्रॅक डे म्हणजे काय? गाडीची ताकद वाढवण्याआधी ब्रेककडे का बघावं लागतं?

मॉडिफाय केलेली गाडी, रात्रीचा मोकळा हायवे आणि १८०च्या पुढे सरकलेला स्पीडोमीटरचा काटा. असे रील रोज दिसतात. पण मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरही कारसाठी कमाल वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटरच आहे. मग वेगवान गाडी हौसेने चालवायची कुठे? त्यासाठी ट्रॅक डे असतो.

ट्रॅक डे म्हणजे नेमकं काय?

रेसिंगचा ट्रॅक काही तासांसाठी हौशी चालकांना खुला केला जातो आणि त्यांना आपलीच गाडी तिथे चालवता येते. ही शर्यत नसते. अनुभवानुसार गट पाडतात आणि एका वेळी साधारण १५-२० मिनिटं गाडी चालवायला मिळते. ओव्हरटेक ठरवून दिलेल्या जागीच करायचं, तेही पुढच्याने इशारा केल्यावर. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये परत या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय.

भारतात असे ट्रॅक कुठे आहेत?

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे सुमारे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. कोईमतूरला कारी मोटर स्पीडवे आहे. ग्रेटर नोएडातल्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. पुण्याहून चेन्नई सुमारे १,२०० किलोमीटर. बरेच जण ज्या गाडीने जातात, तीच ट्रॅकवर चालवतात आणि तिनेच घरी परततात. त्यामुळे गाडी धड राहणं महत्त्वाचं.

आधी ब्रेक का?

वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी १०० च्या तुलनेत १४० ला ती जवळपास दुप्पट असते. ब्रेक दाबल्यावर ही ऊर्जा उष्णता बनते आणि ट्रॅकवर प्रत्येक वळणाआधी हेच घडतं. डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही.

ही उष्णता ब्रेक फ्लुइडपर्यंत पोहोचते. डॉट ४ दर्जाच्या नव्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं. पाण्याचं प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेलं, तर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. फ्लुइड उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दबते. पेडल थेट खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

मग खर्च कशावर करायचा?

आधी नवं ब्रेक फ्लुइड, जास्त तापमान सोसणारे पॅड आणि चांगले टायर. जाण्याआधी नट घट्ट आहेत का पाहावं, सुट्या वस्तू आणि मॅट काढून ठेवावेत. हेल्मेट हवंच. ईसीयू रिमॅप करून ताकद वाढवणं नंतरचं काम. त्याने सरळ रस्त्यावर वेग वाढतो, पण ब्रेकवरचा भारही वाढतो.

कायदा आणि विमा काय सांगतात?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. बेकायदा बदलासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्यास पहिल्यांदा ३ महिन्यांपर्यंत, पुन्हा तेच केल्यास वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

ट्रॅकवर दंडाची भीती नाही, पण विम्याचा आधारही धरता येत नाही. खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो. त्यामुळे गाडी भिंतीवर आदळली, तर खर्च खिशातून करायची तयारी ठेवावी लागते.

शेवटची फेरी सावकाश का?

ब्रेक आणि इंजिन वाऱ्याने थंड व्हावेत म्हणून. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेकही ओढत नाहीत, कारण तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून राहतात. गाडी गिअरमध्ये ठेवतात आणि चाकाला अडण लावतात.