नांदेड ते लातूर, कंधारमार्गे

नांदेडहून लातूर दीडशे किलोमीटरच्या आतच. लोहा-अहमदपूर असा सरळ महामार्ग धरला, तर अर्ध्या दिवसाचेही काम नाही. इतिहासप्रेमींनी मात्र लोह्याहून कंधारकडे वळावे आणि दिवसभराची सवड ठेवूनच निघावे.

कंधारचा भुईकोट राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण (१० वे शतक) याच्या काळाशी जोडला जातो. भोवती रुंद खंदक. पावसाळा सरताना, बालाघाटाचे डोंगर हिरवे असताना, तो पाहावा. १६३१ मध्ये मोगलांनी वेढा घालून हा किल्ला निजामशाहीकडून घेतला. शाहजहानच्या ‘पादशाहनामा’ची सचित्र प्रत आज इंग्लंडमध्ये, विंडसरच्या राजसंग्रहात आहे, तीत या वेढ्याचे चित्र आहे. नाव वाचून पुष्कळांना अफगाणिस्तानातील कंदाहार आठवते, पण चित्रातला किल्ला मराठवाड्यातला!

पुढे अहमदपूरमार्गे लातूर. राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी, म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजेच लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजधानी मान्यखेटला, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मालखेडला, गेली. बिरुदात मात्र मूळचे गावच राहिले. पुढे सौंदत्तीच्या रट्टांनीही तेच बिरुद मिरवले. साम्राज्य बुडाल्यावरही ज्या गावाचे नाव राजे लावत राहिले, त्या गावात राष्ट्रकूटांचा राजवाडा शोधू गेल्यास निराशाच पदरी येईल. म्हणून कंधार आधी पाहावे.

उजेड शिल्लक असेल, तर लातूरच्या दक्षिणेस वीसेक किलोमीटरवर औशाचा भुईकोटही गाठता येतो.