रस्ता कुणाचा? ॲमस्टरडॅमच्या सायकलस्वारांनी परत मिळवलेल्या शहराचा इतिहास

१/
नेदरलँड्समध्ये आज माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत. कारण विचारले की ठरावीक उत्तरे मिळतात : देश सपाट आहे, अंतरे लहान आहेत, लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. ही उत्तरे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. १९७१ सालीही देश तितकाच सपाट होता आणि सवय तितकीच जुनी होती. तरीही त्या एका वर्षात तेथील रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ४०० हून अधिक लहान मुले होती. त्या आकड्यापर्यंत हा देश कसा पोहोचला आणि तेथून मागे कसा फिरला, याचा हा धागा.

२/
सुरुवात जुन्या काळापासून. १८८३ साली डच सायकलस्वारांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. तिचे संक्षिप्त नाव एएनडब्ल्यूबी. दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, उत्रेख्त शहरातील मालीबान या वृक्षराजीने वेढलेल्या रस्त्यावर सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग आखला गेला. तेव्हा सायकल हे श्रीमंतांच्या हौसेचे वाहन होते. ही संघटना लक्षात ठेवावी. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

३/
पहिल्या महायुद्धानंतर सायकली स्वस्त झाल्या आणि हौसेची वस्तू गरजेची झाली. दोन युद्धांमधल्या काळात ॲमस्टरडॅमच्या सकाळी सायकलींच्या लोंढ्याने भरून वाहत. गोदीतला कामगार, कारकून, शिक्षिका, पाव पोहोचवणारा पोऱ्या, सारे एकाच रस्त्यावर. पुढे दांडीवर मूल, मागे कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसलेली पत्नी, हे दृश्य तेथे रोजचे होते.

४/
धोके होतेच. ट्रामच्या रुळांच्या खाचेत सायकलचे अरुंद चाक अडकले की स्वार क्षणात खाली येई. म्हणून रूळ तिरके ओलांडावेत, शक्यतो काटकोनात, हा धडा तेथील मूल फार लवकर शिकते. पावसाने निसरडे झालेले दगडी रस्ते, अरुंद पुलांचे चढउतार आणि कठडा नसलेले कालव्यांचे काठ होतेच. मात्र या धोक्यांत पडणाऱ्याचे बहुधा ढोपर फुटत असे. जीव जाण्याचा धोका पुढे आला, तो वेगाबरोबर.

५/
सायकल सर्वांकडे आहे म्हटल्यावर सरकारची दृष्टी तिच्याकडे वळली. १९२४ पासून डच सरकारने प्रत्येक सायकलीवर वर्षाला तीन गिल्डरचा कर बसवला. कर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला मिळे आणि तो सायकलीवर लावावा लागे. बेकारांना बिल्ला फुकट मिळे, पण त्याला मधोमध भोक पाडलेले असे. आपली बेकारी अशी चारचौघांत मिरवावी लागणे अनेकांच्या जिव्हारी लागले.

६/
महाराष्ट्रातील जुन्या पिढीला हा बिल्ला परका वाटणार नाही. आपल्याकडेही नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि बिल्ला देत. पुण्यासारख्या शहरात बिल्ला नसणे, रात्री दिवा नसणे आणि ‘डबलसीट’ जाणे, ही पोलिसाने शिट्टी मारण्याची तीन हमखास कारणे होती. राज्यकर्त्याला कर घ्यायचा असतो तेव्हा सायकलस्वार बरोबर दिसतो. रस्ता आखताना मात्र तो दिसेनासा होतो. दोन्ही देशांच्या इतिहासात हे घडले.

७/
मे १९४० मध्ये जर्मन फौजांनी नेदरलँड्स व्यापले. जून १९४२ मध्ये ज्यूंना आपल्या सायकली जमा करण्याचा हुकूम झाला. ॲन फ्रँकच्या दैनंदिनीत या बंदीची नोंद आहे. पुढच्याच महिन्यात जर्मनांनी इतरांच्याही सायकली जप्त करण्याची मोहीम उघडली. ही जखम इतकी खोल गेली की युद्धानंतर अनेक वर्षे जर्मन माणूस दिसला की ‘आधी माझी सायकल परत दे’ असा टोमणा डच लोक मारत.

८/
१९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात उरल्यासुरल्या सायकलींनी माणसे जगवली. रबरी टायर मिळत नसत. कोणी चाकांना लाकडी पट्ट्या बांधल्या, कोणी नुसत्या लोखंडी धावेवर सायकल चालवली. भुकेलेले शहरवासी घरातली भांडीकुंडी आणि चादरी घेऊन दूरच्या शेतांवर जात व त्या बदल्यात बटाटे आणि धान्य घेऊन परतत. जिच्या आधारे जीव वाचवला, तीच सायकल पुढच्या वीस वर्षांत अडगळ ठरणार होती.

९/
युद्धानंतर समृद्धी आली आणि तिच्याबरोबर मोटार आली. १९५० च्या सुमारास देशात जेमतेम दीड लाख मोटारी होत्या. १९७० मध्ये त्या वीस लाखांच्या पुढे गेल्या. रस्ते मात्र तेच राहिले. सतराव्या शतकात आखलेल्या कालव्याकाठच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या राहू लागल्या. उरलेल्या चिंचोळ्या पट्टीतून मोटारी धावत, आणि त्याच पट्टीत सायकलस्वारही असे.

१०/
नियोजनकारांना यावर एकच उपाय सुचला : शहरच बदलायचे. १९५४ मध्ये ॲमस्टरडॅमचे पोलिसप्रमुख हेंड्रिक कास्यागर यांनी मोटारींना वाट आणि जागा मिळावी म्हणून काही कालवे बुजवण्याची योजना मांडली. १९६७ मध्ये डेव्हिड जोकिनेन या अमेरिकन तज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकातील कामगार वस्त्या पाडून शहराच्या गाभ्यापर्यंत सहापदरी रस्ता नेण्याचा प्रस्ताव दिला. दोन्ही योजना बारगळल्या. पण त्यांमागचा विचार जिवंत होता आणि काही रस्ते त्यानुसार रुंद झालेही.

११/
या काळात एएनडब्ल्यूबी कोठे होती? सायकलस्वारांनी स्थापलेली ही संघटना एव्हाना मोटारमालकांची प्रमुख संघटना बनली होती. नावात ‘सायकलस्वार’ हा शब्द राहिला. सभासद मात्र मोटारींच्या सुकाणूमागे जाऊन बसले. यात कारस्थान नव्हते. ज्याच्या हाती पैसा आला त्याने वाहन बदलले आणि त्याच्यामागून त्याची संघटना गेली. सायकलीवर उरली ती मुले, वृद्ध, विद्यार्थी आणि गरीब माणसे. त्यांच्या वतीने बोलणारे कोणी उरले नाही.

१२/
पहिला विरोध खोडकर होता. १९६५ मध्ये ‘प्रोव्हो’ या बंडखोर तरुणांच्या गटाने ‘पांढऱ्या सायकलीं’ची योजना जाहीर केली. तिचे जनक लुड स्खिमेलपेनिंक. पांढऱ्या रंगाच्या, कुलूप नसलेल्या सायकली शहरभर ठेवायच्या. हवी त्याने घ्यावी, काम झाले की रस्त्यात सोडून द्यावी. पोलिसांनी त्या जप्त केल्या. कारण मोठे मासलेवाईक होते : कुलूप न लावता सायकल रस्त्यात ठेवणे नियमबाह्य होते! योजना फसली, पण जगभरातील सार्वजनिक सायकल सेवांचे मूळ याच कल्पनेत शोधले जाते.

१३/
खोडकरपणाचा सूर पुढे राहिला नाही. १९७१ च्या ३,३०० मृत्यूंमध्ये व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगीही होती. सायकलवरून शाळेत जाताना मोटारीने तिचा बळी घेतला. १९७२ मध्ये त्यांनी ‘दे टेइड’ या वृत्तपत्रात लेख लिहिला. शीर्षक होते ‘स्टॉप दे किंडरमोर्ड’, म्हणजे ‘बालहत्या थांबवा’.

१४/
या शीर्षकाचे बळ त्यातील एका शब्दात आहे. तोवर अशा घटनेला ‘अपघात’ म्हणत. अपघात म्हणजे दैव. आणि दैवापुढे कोणाचे काय चालणार? लांगेनहॉफ यांनी ‘हत्या’ हा शब्द वापरताच प्रश्नाचे स्वरूप पालटले. हत्या कोणीतरी करते, आणि म्हणून ती थांबवताही येते. रस्ता कोणी आखला? वेगाला परवानगी कोणी दिली? पालकांनी संघटित व्हावे, हे आवाहन याच लेखातून झाले, आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली.

१५/
या चळवळीच्या पहिल्या अध्यक्षा मार्तिये व्हान पुत्तन या तरुण आई होत्या. पुढे त्या युरोपीय संसदेच्या सदस्य झाल्या. चळवळीची साधने साधी होती. मुलांना खेळता यावे म्हणून रस्ता एक दिवस बंद करायचा, रस्त्यातच टेबले मांडून पंगत बसवायची, सायकलींवरून पंतप्रधान युप डेन आउल यांच्या घरी जाऊन गाणी म्हणायची. पंतप्रधान बाहेर येऊन ऐकतही.

१६/
ॲमस्टरडॅमच्या ‘डे पाइप’ या दाट कामगार वस्तीत तर मुलेच पुढे आली. तेथील गल्ल्या उभ्या मोटारींनी इतक्या भरल्या होत्या की चेंडू टाकायला जागा नव्हती. मुलांनी आपली गल्ली मोटारींना बंद करावी अशी मागणी केली आणि स्वतःच अडथळे उभे केले. १९७२ च्या एका दूरचित्रवाणी माहितीपटात हे दृश्य टिपलेले आहे. त्यात संतापलेले मोटारचालक अडथळे हटवतात आणि मुले पुन्हा उभी राहतात. डच लोक जन्मजात सायकलप्रेमी आहेत असे मानणाऱ्याने तो माहितीपट अवश्य पाहावा.

१७/
याच वेळी इतिहासाने एक अनपेक्षित हात दिला. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी नेदरलँड्सचा तेलपुरवठा रोखला. इंधन वाचवण्यासाठी ४ नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार मोटारबंदी लागू झाली. मोकळ्या महामार्गांवर लोक सायकली, चाकांचे बूट आणि घोडे घेऊन उतरले. चळवळ जे शब्दांत सांगत होती, ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले : मोटार नसलेला रस्ता किती रुंद असतो!

१८/
१९७५ हे निर्णायक वर्ष. मार्चमध्ये ॲमस्टरडॅमच्या निउमार्क्ट भागात भुयारी रेल्वेसाठी घरे पाडण्यावरून रहिवासी आणि पोलीस यांच्यात दंगल उसळली. रेल्वे झाली, पण तिच्यावरून जाणारा नियोजित रुंद रस्ता झाला नाही. त्याच वर्षी सायकलस्वारांची नवी संघटना जन्माला आली, आजची ‘फीत्सर्सबोंड’. जुन्या संघटनेला टोमणा म्हणून तिने आपल्या नावात ‘एकमेव खरी’ असे शब्द घातले होते! तिचे सभासद धोक्याच्या जागा हेरून त्यांचे नकाशे करत आणि नगरपालिकेपुढे ठेवत. घोषणांइतकेच महत्त्व या किचकट कामाला होते.

१९/
उपायही एका फटक्यात सापडले नाहीत. डेल्फ्टमध्ये योस्ट व्हाल या अभियंत्याने वस्तीतील रस्ते मुद्दाम वळणदार आणि उंचसखल केले. वेग कमी करायला पोलीस लागला नाही, रस्ताच पुरला. ‘वोनएर्फ’, म्हणजे राहत्या अंगणासारखा रस्ता, ही कल्पना १९७६ मध्ये कायद्यात आली. टिलबर्ग आणि द हेग येथे सरकारने एकेक देखणा सायकलमार्ग बांधला. दुकानदारांनी विरोध केला, आणि सायकलस्वारही अपेक्षेइतके वाढले नाहीत.

२०/
त्या निराशेतून मोठा धडा मिळाला. एकटा मार्ग कितीही सुंदर असो, तो संपतो तेथे धोका सुरू होतो. म्हणून १९८० च्या दशकात डेल्फ्टने शहर, विभाग आणि गल्ली अशा तीन पातळ्यांवर सलग जाळे विणले, आणि सायकलींचा वापर वाढला. आईला मूल शाळेत पाठवताना सबंध वाट सुरक्षित हवी असते; नव्वद टक्के सुरक्षित वाट तिच्या लेखी असुरक्षितच असते.

२१/
कायद्यानेही बाजू घेतली. मोटार आणि सायकल यांची धडक झाल्यास नुकसानभरपाईचा मुख्य भार डच कायद्यात मोटारचालकावर येतो. सायकलस्वार १४ वर्षांखालील असेल तर जवळजवळ पूर्णच. तत्त्व सरळ आहे : जो अधिक इजा करू शकतो, त्याने अधिक सांभाळावे.

२२/
परिणाम? १९७१ चे सुमारे ३,३०० बळी २०१० पर्यंत ६४० वर आले, आणि तेही मोटारी कित्येक पटींनी वाढलेल्या असताना. पण ही परीकथा नाही. २०२२ मध्ये देशात २९१ सायकलस्वार मृत्युमुखी पडले. विजेवर चालणाऱ्या वेगवान सायकली आणि वृद्ध सायकलस्वार, असे आजचे प्रश्न आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमने बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घातली. लढा संपलेला नाही, तो नव्या रूपात चालू आहे.

२३/
आता एक योगायोग. ज्या १९७२ मध्ये लांगेनहॉफ यांचा लेख छापला गेला, त्याच वर्षी पुण्याच्या कायनेटिक कंपनीची ‘लुना’ बाजारात आली आणि बजाजची ‘चेतक’ही. पुणे तेव्हा ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले जाई. पाय न मारता चालणारी स्वस्त गाडी मध्यमवर्गाला हवीहवीशी वाटली, यात गैर काही नव्हते. पण सायकलीवरून उतरलेल्या माणसाबरोबर सायकलीची बाजू मांडणारा आवाजही उतरला. एएनडब्ल्यूबीचीच गोष्ट येथे, संघटनेविना, घडली.

२४/
२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य द्यावे असे म्हटले. २०१७ मध्ये पुणे महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. कागद आपल्याकडेही आहेत. पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, बांधकामावर जाणारा मजूर, पाठीला दप्तर लावलेली विद्यार्थिनी, हे सायकलस्वारही आहेत. ते आजही मोटारी आणि खड्डे यांच्यामधल्या हातभर पट्टीतून वाट काढतात.

२५/
ॲमस्टरडॅमचा इतिहास वाचताना म्हणूनच कालवे आणि सायकली यांच्या चित्रापाशी थांबू नये. त्या चित्रामागे शोकमग्न बाप आहे, रस्त्यात पंगत मांडणाऱ्या आया आहेत, अडथळा पुन्हा उभा करणारी मुले आहेत आणि रात्री जागून धोक्याचे नकाशे काढणारे सभासद आहेत. आज तेथे निर्धास्तपणे शाळेत जाणाऱ्या मुलाला यांतले एकही नाव ठाऊक नसेल. तसे ते नसावे, हेच तर त्यांना हवे होते.