बाण, काठी आणि सायकलचा पंप

दिवाळीत आकाशात उडणाऱ्या त्या वस्तूला आमच्या घरात 'बान' म्हणत आणि शेजारच्या घरात 'बाण'. एका न आणि ण चा काय तो फरक. पुढे कळलं, की मोगलांच्या फारसी बखरकारांनीही युद्धातल्या अग्निबाणाला 'बान' हाच आपल्याकडचा शब्द वापरला आहे. पेशवाईच्या कागदपत्रांत तोफा, जेजाला यांच्या जोडीला बाण येतात. म्हणजे हा शब्द दोन्ही घरांचा. आज त्या बाणाविषयी बोलायचं आहे. तो कोणी कोणावर सोडला याविषयी कमी आणि तो बांधतात कसा याविषयी जास्त.

मुरबाड तालुक्यातलं धसई हे माझं गाव. उगवतीला सह्याद्रीची भिंत, पायथ्याला भाताची खाचरं. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. १९८० सालच्या जुलैची १८ तारीख. श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ या भारतीय अग्निबाणानं ३५ किलोचा 'रोहिणी' उपग्रह कक्षेत नेला. आदल्याच वर्षी, १० ऑगस्ट १९७९ला, पहिला प्रयत्न बंगालच्या उपसागरात कोसळला होता. दुकानातल्या रेडिओवर बातमी लागली. अब्बांनी हातातला पाना खाली ठेवला. प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. अब्दुल कलाम. "रामेश्वरमच्या नावाड्याचा मुलगा आहे," असं अब्बा पुढे किती वर्षं गिऱ्हाइकांना सांगत असत.

त्या दिवाळीत आम्ही तीन मित्रांनी आपला अग्निबाण करायचं ठरवलं. दुकानातल्या भंगारातला नळीचा तुकडा मी आणला. फटाके फोडून दारू कोणी जमवली, ती ठासली कोणी, हे आता सांगून उपयोग नाही. नळी उडाली नाही, फुटली. माझ्या मित्राची उजव्या हाताची दोन बोटं गेली. नळी माझ्या अब्बांच्या दुकानातली होती, हे मी त्या वेळी कोणाला सांगितलं नाही. अब्बांनी मात्र ओळखलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "लोखंड ऐकत नाही बेटा, त्याला विचारून घ्यावं लागतं."

लोखंडाला विचारून घेणं म्हणजे काय, ते मला फार उशिरा, इतिहास वाचताना उमगलं.

बाणाची नळी पूर्वी बांबूची किंवा जाड कागदाची असे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू तिच्यात ठासत. दारू जळते, वायू मागच्या भोकातून जोरानं बाहेर पडतो आणि नळी पुढे जाते. वायूचा दाब वाढवला तर बाण लांब जातो, पण कागद तेवढा दाब सोसत नाही. अठराव्या शतकात हैदरअलीच्या म्हैसूरमध्ये कारागिरांनी ठोकलेल्या मऊ लोखंडाची नळी वापरली. ती सुमारे वीतभर लांब असे. तिला लांब बांबू किंवा कधी तलवारीचं पातं बांधत. असे बाण दोन किलोमीटरच्या आसपास जात. त्या काळी युरोपातल्या कोणत्याही फौजेकडे अशी वस्तू नव्हती.

१० सप्टेंबर १७८०ला पोल्लिलूरच्या लढाईत कंपनीच्या फौजेच्या दारूगोळ्याच्या गाड्या पेटल्या आणि तिचा धुव्वा उडाला. गाड्या बाणानं पेटल्या असं पुष्कळ जण सांगतात, तोफेच्या गोळ्यानं पेटल्या असंही म्हणतात. त्याच वर्षी नाना फडणीसांनी हैदरअली आणि निजाम यांच्याशी इंग्रजांविरुद्ध जूट केली होती, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. बारा वर्षांनी, १७९२मध्ये, हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांच्या बाजूनं टिपूच्या श्रीरंगपट्टणावर गेले होते. माझं नाव ऐकून कोणी कोणी मला विचारतात, "टिपूचे बाण की मराठ्यांचे?" मी सांगतो, ज्या लोहारानं ती नळी ठोकली, त्याचे. त्याचं नाव कोणत्याच दफ्तरात नाही.

४ मे १७९९ला श्रीरंगपट्टण पडलं. किल्ल्यात सुमारे ७०० तयार बाण आणि ९००० रिकाम्या नळ्या सापडल्याची नोंद आहे. काही नमुने इंग्लंडला वूलिचला गेले. विल्यम काँग्रीव्हनं १८०४च्या सुमारास तिथे प्रयोग सुरू केले. १८०६मध्ये बुलोन्यवर आणि १८०७मध्ये कोपनहेगनवर त्याचे अग्निबाण पडले. मराठी घरांत 'अग्निपंख' या नावानं वाचल्या गेलेल्या आत्मचरित्रात कलामांनी लिहिलं आहे, की अमेरिकेतल्या वॉलॉप्स केंद्राच्या स्वागतकक्षात त्यांना एक चित्र दिसलं. त्यात बाण सोडणारे सैनिक इंग्रज नव्हते, टिपूचे होते. २०१८मध्ये शिमोगा जिल्ह्यात नगर इथल्या एका कोरड्या विहिरीतून अशा हजारावर नळ्या निघाल्या.

आता काठीविषयी. दिवाळीच्या बाणाची काठी मोडून तो पेटवला, तर तो सरळ जात नाही, गिरक्या घेत कोणाच्याही अंगावर येतो. काठीमुळे वजनाचा मध्य आणि वाऱ्याच्या दाबाचा मध्य यांचा मेळ बसतो. वजन पुढे आणि वाऱ्याची पकड मागे असली म्हणजे बाण तोंड सरळ ठेवतो. काँग्रीव्हनं आधी बाजूला बांधलेली काठी १८१५मध्ये मधोमध आणली. १८४४मध्ये विल्यम हेल यानं काठी काढूनच टाकली आणि बाण स्वतःभोवती फिरवून सरळ ठेवला.

हे सगळं लढाईचं झालं. बाण मुलांच्या हातात शहाणपणानं आला तो १९५४मध्ये, आणि तो आणणारा होता चपलाबुटांचा दुकानदार. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात नॉरफोक नावाचं गाव आहे. तिथल्या ऑरव्हिल कार्लाइल यांना शोभेच्या दारूचा नाद होता. भावासाठी त्यांनी कागदी नळीचा, हलक्या लाकडाच्या पंखांचा छोटा अग्निबाण बनवला. तो वर जाऊन छत्री उघडून खाली येई आणि पुन्हा उडवता येई. ऑक्टोबर १९५७मध्ये रशियाचा स्पुतनिक उडाला आणि अमेरिकेतली पोरं तळघरांत दारू ठासू लागली. कित्येकांची बोटं गेली, काहींचे जीव गेले. ते वाचताना मला धसईची नळी आठवली. हॅरी स्टाइन हा तिथला अग्निबाण-अभियंता अशा धोक्यांविषयी स्पुतनिकच्या आधीपासूनच लिहीत होता. कार्लाइलनं आपला नमुना त्यालाच पाठवला. पुढे डेन्व्हरच्या व्हर्नन एस्टेस या आतषबाजीच्या धंद्यातल्या तरुणानं १९५९मध्ये दारूची कांडी भरणारं यंत्र केलं. साडेपाच सेकंदांत एक कांडी, आणि प्रत्येक कांडी सारखी. यंत्राचं नाव त्यानं ठेवलं 'मेबल'.

या छंदाचा खरा शोध यंत्रात नाही, वाटणीत आहे. दारू कारखान्यानं भरायची. ती मुलानं फोडायची नाही, ठासायची नाही. मुलानं बाकी सगळं करायचं: नळी, नाकाडं, पंख, छत्री. नळीत धातू नाही, म्हणजे काही बिघडलं तर कागद फाटेल, लोखंडाचे तुकडे उडणार नाहीत. काडीनं पेटवायचं नाही, दूर उभं राहून विजेच्या तारेनं पेटवायचं. सुरुवातीला सरळ जावा म्हणून बाण एका उभ्या सळईवर ओवायचा.

यातली हत्यारंही गरिबाची आहेत. गोल नळीवर सरळ रेघ मारायची असेल, तर नळी दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात बसवून पेन्सिल ओढतात. पंख सारख्या अंतरावर बसावेत म्हणून नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिचे तीन-चार समान भाग करतात. बाण सरळ जाईल की नाही हे पाहायला तो वजनाच्या मध्यावर दोरीला बांधून डोक्याभोवती फिरवतात. त्यानं तोंड पुढे ठेवलं, तर तो उडवण्याजोगा झाला. लोखंडाला विचारून घेणं म्हणतात ते हेच.

दारूचं काम किती अवघड आहे, हे आपल्याकडच्याच माणसानं दाखवून दिलं. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर १९६७मध्ये इंग्लंडहून थुंब्याला आले आणि अग्निबाणाच्या घन इंधनावर त्यांनी आयुष्यातली उमेदीची वर्षं घालवली. १९६३च्या २१ नोव्हेंबरला थुंब्याहून उडालेला पहिला अग्निबाण अमेरिकेचा होता. २० नोव्हेंबर १९६७ला उडालेला, अवघ्या ७५ मिलिमीटर व्यासाचा 'रोहिणी' आपला होता. एसएलव्ही-३चे चारही टप्पे घन इंधनाचे होते. रसायनशास्त्रातल्या डॉक्टरांच्या पलटणीला जे काम वर्षानुवर्षं पुरलं, ते आम्ही एका दुपारी दुकानामागे करायला निघालो होतो.

आपल्या खेड्यांत अमेरिकेसारखी तयार कांडी सहज मिळत नाही, आणि घरी दारू करणं हा गुन्हा आहे, तो असायलाच हवा. पण अग्निबाणाला आग लागतेच असं नाही. थंड पेयाची प्लास्टिकची बाटली घ्या, तिसरा हिस्सा पाणी भरा, तोंडाला घट्ट बूच बसवा, त्यातून पंपानं हवा भरा. बूच सुटलं, की पाणी खाली आणि बाटली वर. न्यूटनचा नियम तोच. पुण्याला 'आयुका'च्या आवारात, पु. ल. देशपांडे यांच्या नावे मिळालेल्या देणगीतून मुलांसाठी विज्ञान शोधिका उभी राहिली. तिथे अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली. बाटलीचा बाण त्याच जातकुळीचा.

मागच्या हिवाळ्यात भाचा सुट्टीत धसईला आला होता. कापणी झालेल्या खाचरात आम्ही बाटली उभी केली. पुठ्ठ्याचे पंख त्यानं चौकटीला लावून आखले होते. पंप अब्बांचाच, लाकडी मुठीचा. आमची गडबड ऐकून बांधावरून माझा तो मित्र आला. त्याची तिथंच शेती आहे. त्यानं काही न विचारता डाव्या हातानं पंपाची मूठ धरली. मी म्हटलं, "ती नळी मीच आणली होती रे, अब्बांच्या दुकानातून."

तो म्हणाला, "ठाऊक आहे. तुझ्या अब्बांनी तेव्हाच येऊन सांगितलं होतं आमच्या घरी. बाटलीपासून मागं सरक आधी."

मी मागं सरकलो. त्यानं पंप मारला आणि बाटली वर गेली.