आमवात आणि रक्ताची साक्ष

सांधा दुखू लागला म्हणजे आपल्याकडे घरोघरी वैद्य निर्माण होतात. कोणी निर्गुडीचा शेक सांगतो, कोणी एरंडेल. परंतु दुखणाऱ्या सांध्यांच्या जाती अनेक, आणि त्यांची गल्लत फार जुनी आहे. उतारवयात गुडघ्याची कूर्चा झिजते तो विकार निराळा. आणि ऐन तिशीचाळिशीत, विशेषतः स्त्रियांना, दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही, तो निराळा. या दुसऱ्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात आणि आपण आमवात. ‘माधवनिदाना’त आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिले आहे; मात्र तो आणि हा तंतोतंत एकच, असा आमचा आग्रह नाही.

ऱ्हुमॅटॉइड हे नाव १८५९ साली लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉडने सुचविले. गाउटच्या रोग्यांच्या रक्तात यूरिक आम्ल वाढते, हे त्याने आधीच दाखविले होते. रक्तद्रवात सुताचा धागा सोडून ठेवायचा आणि त्यावर स्फटिक धरतात का ते पाहायचे, इतकी साधी त्याची परीक्षा होती. काही रोग्यांच्या धाग्यावर काहीच धरेना. त्यांचा रोग गाउट नव्हे, एवढे ठरले. पण तो काय आहे हे रक्ताने सांगितले नाही. म्हणजे या रोगाची पहिली ओळख ‘नेति’ अशीच झाली.

सुमारे सत्तर वर्षांनी रक्त बोलले, पण ऐकणारे भलतेच ऐकून बसले. १९३०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रसेल सेसिलला व त्याच्या सहकाऱ्यांना असे दिसले की, या रोग्यांच्या रक्तद्रवात स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू टाकले की ते एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. निष्कर्ष सरळ वाटला: रोग जंतूंचा, आणि ते कुठे तरी दडून बसलेले. त्या काळी कुजका दात किंवा टॉन्सिल हे असल्या जंतूंचे बिऱ्हाड मानीत. आखडलेल्या बोटांसाठी कित्येकांनी तोंडातले दात गमावले. बोटे होती तशीच राहिली. सेसिलचा मोठेपणा असा की, १९३८ साली अँजेविनबरोबर दोनशे रोग्यांचा हिशेब तपासून त्यानेच या समजुतीचा पाया काढून घेतला.

खरी गोष्ट ऑस्लोत घडत होती. १९३७ साली एरिक वालर हा नॉर्वेजियन डॉक्टर वेगळ्याच कामासाठी एक परीक्षा करीत होता. तीत मेंढीच्या रक्तातील तांबड्या पेशी घेतात आणि त्यांच्याविरुद्ध सशाच्या अंगात तयार झालेली प्रतिपिंडे त्यांना चिकटवितात. पेशी फुटून पाणी लाल झाले, की नाही, एवढेच पाहायचे. एका आमवाताच्या रोग्याचा रक्तद्रव घालताच पेशी फुटण्याऐवजी गोळा होऊन तळाशी बसल्या. दुसरा कोणी नळी ओतून देता आणि काचसामान नीट धुतले नाही म्हणून नोकराला बोलता. वालरने तीच नळी पुढच्या संशोधनाचा विषय केला. त्याचा निबंध १९४० साली छापला गेला. त्याच वर्षी एप्रिलात जर्मन फौजा नॉर्वेत उतरल्या. त्या धामधुमीत मेंढीच्या रक्ताची कोणाला पर्वा!

आठ वर्षांनी न्यूयॉर्कच्या हॅरी रोझला हेच पुन्हा सापडले. प्रयोगशाळेतल्याच एका आमवाती मदतनिसाचे रक्त तुलनेसाठी वापरले आणि परीक्षा बिघडली, अशी हकीकत सांगतात. यावेळी बिघाडाला नाव मिळाले. परीक्षेला वालर आणि रोझ या दोघांचे आणि रक्तातील द्रव्याला ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर. १९५६ साली सिंगर व प्लॉट्झ यांनी मेंढीला सुटी दिली. लॅटेक्सच्या सूक्ष्म कणांवर माणसाच्याच रक्तातील गॅमा ग्लोब्युलिन बसवून काचेच्या पट्टीवर ही परीक्षा होऊ लागली आणि गावोगावच्या प्रयोगशाळांत पोचली.

पण हे द्रव्य म्हणजे काय? १९५७च्या सुमारास रॉकफेलर संस्थेत कुंकेल व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, ते एक मोठे प्रतिपिंड असून शरीराच्याच दुसऱ्या प्रतिपिंडांना जाऊन चिकटते. पहारेकऱ्याने पहारेकऱ्याचाच हात धरावा, तसा हा प्रकार. शरीर स्वतःवर शस्त्र उचलणार नाही, ही पाउल एर्लिखच्या वेळेपासूनची श्रद्धा या सुमारास ढासळत होती. तिला हा आणखी एक धक्का.

आता गैरसमजाची जागा. हा फॅक्टर आमवाताच्या सुमारे सत्तर ते ऐंशी टक्के रोग्यांत सापडतो. उरलेल्यांत रोग असून सापडत नाही. उलट क्षय, कुष्ठरोग, काळा आजार, काही काविळी यांतही तो दिसतो आणि धडधाकट म्हाताऱ्यांतही. हे रोग आपल्या देशाला परके नाहीत. केवळ कागदावर ‘पॉझिटिव्ह’ आले म्हणून आयुष्यभराचा रोगी ठरणे आणि ‘निगेटिव्ह’ आले म्हणून सुजलेली बोटे घेऊन घरी जाणे, या दोन्ही आपत्ती आम्हांला सारख्याच वाटतात. दुसरी तर अधिक, कारण या रोगात पहिल्या एकदोन वर्षांत हाडाची जी झीज होते ती भरून येत नाही.

याहून नेमकी खूण १९६४ सालीच हाती आली होती. हॉलंडात नीनहाउस व मांडेमा यांना या रोग्यांत गालाच्या आतल्या पेशींना चिकटणारे प्रतिपिंड आढळले. पण काही विशिष्ट माणसांच्याच गालाच्या पेशी चालत. परीक्षा किचकट, म्हणून ती मागे पडली. चौतीस वर्षांनी, १९९८ साली, नायमेखेनच्या स्केलेकेन्स व व्हान व्हेनरॉय यांनी उलगडा केला: आर्जिनीन या अमिनो आम्लाचे शरीरात जागच्या जागी सिट्रुलिन होते आणि प्रतिपिंड त्या बदललेल्या जागेलाच धरते. हे सिट्रुलिन प्रथम जपानात कलिंगडाच्या रसातून वेगळे काढले होते, म्हणून त्याला कलिंगडाच्या लॅटिन नावावरून नाव पडले. (या दिवसांत कलिंगड खाणाऱ्यांनी घाबरू नये, फळाचा रोगाशी संबंध नाही. विडीसिगारेटीचा मात्र आहे.) यातून निघालेली सीसीपी परीक्षा निरोग्याला सहसा रोगी म्हणत नाही. २०१० साली ठरलेल्या रोगनिकषांत फॅक्टरबरोबर तिलाही स्थान मिळाले. तथापि गुण मोजताना सुजलेल्या सांध्यांना आजही अधिक वजन आहे.

प्रश्नच बदलून टाकणारा शोध मात्र पुढे लागला. पूर्वी रक्तदान केलेल्या ७९ आमवाती रोग्यांच्या साठविलेल्या रक्ताच्या बाटल्या अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी उघडल्या. त्यांचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. जवळजवळ निम्म्यांच्या रक्तात, पहिला सांधा दुखण्यापूर्वी कित्येक वर्षे, ही प्रतिपिंडे हजर होती! मग अशा माणसाला दुखण्याआधीच औषध द्यावे काय? इंग्लंड व हॉलंडमधील २१३ जणांवर हा प्रयोग झाला व २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यांना सांधेदुखी होती, रक्तात खूण होती, पण सूज नव्हती. अबाटासेप्ट घेणाऱ्यांपैकी वर्षअखेर ६ टक्क्यांना रोग जडला, न घेणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांना. मग औषध थांबविले. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस हेच आकडे २५ आणि ३७ झाले.