भडकल दरवाज्याजवळचा चेहरा

मोगल फौजेवरील विजयाची निशाणी म्हणून मलिक अंबराने १६१२ साली ज्या खडकी नगरात भडकल दरवाजा उभारला, तेच नगर पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. त्या दरवाज्यापाशी आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, तर क्रांती चौकात २०२२ साली अनावरण झालेले शिवछत्रपती अश्वारूढ आहेत. या दोन पुतळ्यांमागचा दस्तऐवज मात्र अगदी निराळ्या जातीचा. महाराजांसाठी सतराव्या शतकातील दख्खनी धाटणीची मोजकी चित्रे, तीही बहुधा एका बाजूने काढलेली. त्यामुळे नासिकेचा बाक पक्का, पण समोरून कपाळ किती रुंद, हा प्रश्न कायमचा मोकळा. बाबासाहेबांची छायाचित्रे विपुल, आणि अडचण नेमकी त्या विपुलतेतच.

कॅमेरा फार जवळ असला की नाक फुगते, कान मागे सरतात. प्रकाश डोक्यावरून आला की डोळ्यांखालची सावली खळग्यासारखी भासते, आणि नवशिका तेवढी शाडू कोरून मोकळा होतो. मुरलेला शिल्पी आधी कंपासाने दोन बुबुळांमधील अंतर घेतो, त्याच मापाने हनुवटीपर्यंतचा हिशेब लावतो आणि निरनिराळ्या वयांची छायाचित्रे एका मातीत मिसळू देत नाही. चष्मा हे तर स्वतंत्र प्रकरण: चित्रात काच चकाकून डोळा झाकते, धातूत काच ओतता येत नाही, तेव्हा नुसती कडी ठेवून आतला डोळा अनुमानाने घडवावा लागतो.

पॅरिसमध्ये १८६० च्या सुमारास फ्रांस्वा विलेमने माणसाभोवती चोवीस कॅमेरे मांडून, एकाच वेळी टिपलेल्या बाह्यरेषांवरून मूर्ती कोरण्याची युक्ती काढली होती. आपल्याकडे एवढा थाट कुठला! कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी बसविलेला, बाळ चव्हाणांनी घडविलेला पुतळा निदान बाबासाहेबांच्या हयातीतला होता. १९५६ नंतर छायाचित्र हाच मुख्य साक्षीदार उरला. आणि ब्रह्मेश वाघांनी घडविलेला पुतळा १९६७ साली संसदेच्या आवारात उभा राहिल्यावर त्याची हात उंचावलेली ढब गावोगावच्या कारागिरांनी उचलली. त्यांना दोष देववत नाही. माणसाच्या पाठीचे छायाचित्र कोण काढून ठेवतो? कोटाच्या मागल्या चुण्या, मानेवरची केसांची कड, हे सारे ज्याने त्याने आपल्या पदरचेच घालायचे.

१४ एप्रिलला भडकल दरवाज्यापाशी जी गर्दी लोटते, तीही मोबाईल उंचावते ती पुतळ्यासमोरूनच.