अंधारात काढलेली चित्रे

बॅले म्हणजे शब्दांवाचून, केवळ नृत्याने नि संगीताने रंगणारे युरोपी नृत्यनाट्य. २९ मे १९१३ रोजी पॅरिसला 'वसंतविधी' या बॅलेचा पहिला प्रयोग झाला. संगीत स्त्राविन्स्कीचे, नृत्ये निजिन्स्कीची. चवड्यांवर तरंगणाऱ्या नर्तिका पाहायची लोकांना सवय. इथे पावले आत वळवून, पाय आपटीत नाचणारी माणसे! झाले, हशा आणि शिट्ट्या सुरू. नर्तकांना वाद्ये ऐकू येईनात, तेव्हा निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून ओरडून मात्रा मोजू लागला. आपल्याकडे जत्रेत फड उधळतात, तसेच की हे! प्रयोग मात्र शेवटपर्यंत झाला.

थोड्याच प्रयोगांनंतर ही नृत्ये बंद पडली. संगीत लिहिलेले होते, ते टिकले. नाच नाचणाऱ्याच्या अंगात असतो, तो जायचाच. पण प्रेक्षकांत व्हालांतीन ग्रॉस ही चित्रकर्ती होती. अंधारात तिने नर्तकांचे पवित्रे भराभर कागदावर उतरवले. ती रेखाटने आणि निजिन्स्कीची मदतनीस मारी राम्बेर हिच्या टिपा, असे धागे जुळवून मिलिसेंट हॉडसन या संशोधिकेने १९८७ साली लॉस एंजेलिसला ही नृत्ये पुन्हा उभी केली. जिथे काहीच पुरावा उरला नव्हता, तिथे तिला अंदाज बांधावा लागला.